आधी पाठ बघा : सांगलीत घडलेला ग्रीक देवींचा पाच मूर्तींचा संच

ग्रीक धर्तीची मातीची मूर्ती घेताना चेहरा सगळ्यात शेवटी बघावा. आधी ती पालथी करावी, बुडातून आत बोट घालावं, पाठीवरून अंगठा फिरवावा. साचा चांगला असला की चेहरा कुणाच्याही हातून बरा उतरतो. पाठ मात्र हातानं करावी लागते आणि कारागिराला काय कळलंय, काय नाही, ते तिथेच दिसतं. सांगलीतल्या एका गणपतीच्या कारखान्यानं काढलेला हा संच आम्ही याच कसोटीवर तपासला. पाचांपैकी तीन मूर्ती चोख निघाल्या, एक काठावर पास झाली आणि एक नापास. नापास झाली ती नेमकी सगळ्यात महाग आणि सगळ्यात देखणी.

संच ४६०० रुपयांना आहे. सुट्ट्या मूर्ती घेतल्या तर ५१०० होतात. संचात मायसीनी काळातली, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातली, हात वर केलेली बाई (११ सेंमी), ग्रीसमधल्या बिओशिया प्रांताची घंटामूर्ती (२४ सेंमी), सिंहासनावर बसलेली देवी (१४ सेंमी), डुकराचं पिल्लू धरलेली कन्या (१५ सेंमी) आणि तानाग्रा धर्तीची पांघरूण लपेटलेली स्त्री (१८ सेंमी) आहेत. साच्याचं काम कारखान्यात होतं आणि चाकावरचं काम शेजारचा कुंभार करतो. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढचे बरेच गुणदोष त्यातूनच आलेले आहेत.

आधी मातीबद्दल. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळताना तडकते. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि पाणी गेलं की आकसतं. म्हणून नुसत्या काळ्या मातीत हे काम होत नाही. इथे नदीच्या गाळाची माती घेऊन तिच्यात चाळलेली राख, घोड्याची लीद आणि विटेची बारीक भुकटी मिसळलेली आहे. लीद भट्टीत जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं उरतात आणि वाफेला वाट मिळते. भुकटी एकदा भाजलेली असल्यामुळे पुन्हा आकसत नाही, म्हणून मूर्तीचा आकार धरून ठेवते. मिश्रण चांगलं जमलंय. पाचही मूर्तींना मिळून एकच चीर सापडली, तीही सांध्यावर.

मातीच्या दोन तक्रारी आहेत. पहिली लोण्याची, म्हणजे खाण्याच्या नव्हे, भिंतीला धरतो त्या लोण्याची. वाळवा-मिरज पट्ट्यात जादा पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनी काही थोड्या नाहीत. अशा ठिकाणचा गाळ आला की भाजलेल्या मूर्तीवर आठवड्याभरात पांढरी बुरशीसारखी साय धरते. ती बुरशी नसते, आतलं मीठ पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं. आमच्या संचात बसलेल्या देवीच्या पाठीवर ती आली. मूर्ती रंगवलेली नसेल तर उपाय सोपा आहे: स्वच्छ पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवा, पाणी तीन-चार वेळा बदला आणि सावलीत वाळवा. रंगवलेल्या मूर्तीवर हा उपाय चालत नाही. म्हणून संच मागवताना ‘रंगाविना’ मागवा आणि रंग नंतर द्या.

दुसरी तक्रार चुनखडीची. गाळात ज्वारीच्या दाण्याएवढा चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि मूर्तीचा टवका उडवतो. टवका उडाला की खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो, तीच खूण. हे भाजल्यावर लगेच होत नाही, पंधरा-वीस दिवस जातात. माती बारीक चाळणीतून गाळली की प्रश्न मिटतो. त्यासाठी ती पाण्यात कालवून पातळ करावी लागते आणि मग घट्ट व्हायला चार दिवस थांबावं लागतं. घाईच्या दिवसांत हीच पायरी गाळली जाते. मूर्ती हातात आल्यावर वीस दिवस कोपऱ्यात ठेवा आणि मगच कपाटात मांडा.

आता एकेक मूर्ती. हात वर केलेली मायसीनी बाई ही संचातली सगळ्यात स्वस्त, ४५० रुपयांची, आणि सगळ्यात अस्सल. या मूर्ती इ.स.पू. १४व्या-१३व्या शतकांतल्या. फुरुमार्क या स्वीडिश अभ्यासकानं आकारावरून त्यांना ग्रीक अक्षरांची नावं दिली: हात वर केलेली ती ‘प्सी’ आणि गोल अंगाची ती ‘फी’. त्या देवी आहेत की भक्तिणी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कारखान्याच्या चिठ्ठीवर मात्र बिनदिक्कत ‘मातृदेवता’ छापलंय. घडण अगदी साधी आहे. मातीची वळी, तिला खालून बैठक, वरून चपटा मुकुट, आणि चेहरा म्हणजे अंगठा आणि तर्जनीत धरून काढलेली एक चिमूट. ती चिमूट म्हणजेच नाक. इथल्या कारागिरानं ती एकाच दाबात काढली आहे, मागाहून कोरत बसलेला नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटांचे उथळ खळगे तसेच आहेत. पाठीवरचे पट्टे लोहयुक्त मातीच्या पातळ घोळानं, भाजण्याआधी ओढलेले आहेत, म्हणून ते नखानं निघत नाहीत. मुळातही हे काम असंच होत असे. पट्टे काळे न येता तांबूस आले आहेत, पण त्यात दोष धरू नका. मूळ मूर्तींवरही भट्टीतल्या हवेप्रमाणे तांबड्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा येतात.

घंटामूर्तीसाठी या संचाचे पैसे द्यावेत. मूळ मूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे: साधारण इ.स.पू. ७००ची, ३९.५ सेंमी उंच, लांब मान, चपटं डोकं, अंगाच्या मानानं बारीक हात आणि घंटेसारखा झगा. झग्यावर लांब पायांचे पक्षी आणि भौमितिक नक्षी. पाय वेगळे घडवून झग्याच्या आत टांगलेले, म्हणजे मूर्ती उचलली की पाय हलतात. तिचा झगा चाकावरचा आहे, आणि सांगलीच्या कुंभारानं तो जसा काढलाय तसा कुठल्याही साच्यातून निघणार नाही. आत बोट फिरवलं की चाकाच्या वळ्या लागतात, काठाशी जाडी पाच मिलिमीटर आणि खांद्याशी सात. मान आणि हात झगा अर्धवट सुकल्यावर जोडलेत. दोन्ही बाजू खरवडून, मध्ये पातळ माती भरून, सांधा बोटानं दाबून घेतलाय. जोड ओल्या-सुक्याचा झाला असता तर वाळताना मान निखळली असती, कारण ओला भाग जास्त आकसतो. संचातली ती एकमेव चीर डाव्या काखेत आहे, तिथे मात्र हे थोडं चुकलं असणार. चीर केसाएवढी आहे, खोल गेलेली नाही.

पायांत मात्र गडबड आहे. दोरी ओवायची छिद्रं ओल्या मातीत काडीनं पाडली आणि भाजल्यावर ती आकसली. दोरी आत जाईना म्हणून लोखंडी बांधणीची तार वापरली. सांगलीच्या पावसाळ्यात ती गंजणार आणि पायांवर तपकिरी ओघळ येणार. तार काढा, मेणात बुडवलेला सुती दोरा किंवा तांब्याची बारीक तार घाला. छिद्र लहान वाटलं तर गोल कानशीनं हळूहळू मोठं करा. ड्रिल लावू नका, पाय तिथेच दुभंगतो. दोन पायांच्या लांबीत चार मिलिमीटरचा फरक आहे, तो दोऱ्याच्या गाठीनं भरून निघतो. पाय जमिनीला टेकून मूर्ती डुगडुगायला लागली तर दोरा आखूड करा. वजन झग्याच्या काठावर यायला हवं, पायांनी फक्त लोंबायचं असतं.

बसलेल्या देवीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती नीट झाली आहे. पुढचा भाग साच्यातला, मागे हातानं थापलेली सपाट पट्टी आणि बूड उघडं. इ.स.पू. ६व्या-५व्या शतकांतल्या पुष्कळ मूर्ती अशाच असत. तक्रार आहे ती चिठ्ठीवरच्या ‘हेरा’, म्हणजे देवांच्या राणीच्या, नावाची. डोक्यावरचा उंच गोल मुकुट, पोलोस, एवढंच सांगतो की ही देवी आहे. एकाच साच्यातली मूर्ती हेराच्या देवळात वाहिली की हेरा, धान्याची देवी डिमीटर हिच्या देवळात वाहिली की डिमीटर. हातात काही खूण नसेल तर नाव जागेवरून ठरतं. चिठ्ठीवर ‘सिंहासनस्थ देवी’ एवढं पुरे होतं.

पिल्लू धरलेली कन्या काठावर पास. डिमीटरच्या थेस्मोफोरिया या बायकांच्या शरदातल्या सणात डुकराची पिल्लं खड्ड्यांत सोडत. नंतर त्यांचे कुजलेले अवशेष वर काढून बियाण्यात मिसळत, पीक चांगलं यावं म्हणून. त्यामुळे डिमीटरच्या ठाण्यांमध्ये पिल्लू घेतलेल्या मूर्ती ढिगानं सापडतात. म्हणजे या मूर्तीत पिल्लू महत्त्वाचं. इथे ते साच्यातच दाबलंय आणि तपशील गेल्यामुळे उशीची गुंडाळी वाटतं. कान नाहीत, तोंड नाही. पिल्लू वेगळं वळून, साच्यातून काढलेल्या अर्धवट सुक्या मूर्तीवर चिकटवलं आणि कान चिमटीनं काढले, तर पाच मिनिटांचं जादा काम आहे. शिवाय चिठ्ठीवर ‘कोरिंथ’ लिहिलंय आणि मूर्ती विटेसारखी लाल आहे. कोरिंथची माती फिकट, पिवळसर असते. लाल-नारिंगी असते ती अथेन्सची. चिठ्ठी बदला किंवा वर फिकट मातीचा हात द्या.

आणि आता तानाग्रा. किंमत १६०० रुपये.

बिओशियातल्या तानाग्रा गावची थडगी १८७०च्या दशकात लोकांनी हजारोंनी उकरली. त्यांतून अंगभर पांघरूण घेतलेल्या, मान किंचित कललेल्या बायकांच्या मूर्ती बाहेर आल्या आणि युरोपच्या दिवाणखान्यांत त्यांचं वेड पसरलं. मागणी एवढी होती की नकलाही तितक्याच जोरात निघाल्या. आज संग्रहालयांना त्या थर्मोल्युमिनेसन्स चाचणीनं, म्हणजे माती शेवटची कधी भाजली ते मोजून, वेगळ्या काढाव्या लागतात. घडणीचा काळ इ.स.पू. ४थ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे. आणि यातल्या बहुतेक जणी देवी नाहीतच, नटूनथटून निघालेल्या साध्या बायका आहेत. ‘देवींच्या संचात’ ही पाहुणी आहे, हे चिठ्ठीवर यायला हवं होतं.

चेहरा खरोखर गोड आहे. मूर्ती फिरवा. पाठीवर पुढच्याइतक्याच खोल, एकसारख्या चुण्या आहेत आणि बूड पूर्ण बंद आहे. मूळ तानाग्रात पाठ बहुधा पुढच्यापेक्षा साधी असते, आणि मध्यभागी चौकोनी किंवा गोल भोक असतं. ते शोभेचं नव्हे. दोन अर्धुकं जोडल्यावर त्या भोकातून बोट किंवा काडी घालून सांधा आतून दाबता येतो, जाडी एकसारखी वाळते आणि भट्टीत वाफ बाहेर पडते. ते भोक नसलं की जाड जागेत ओल राहते आणि शंभर अंशांच्या आसपास वाफेच्या दाबानं मूर्ती फुटते. इथे मूर्ती फुटू नये म्हणून भट्टी फार सावकाश चढवली असणार. पण आतला भाग काळाच राहिलाय, बुडाच्या कडेला नखाएवढा टवका काढला की दिसतो. बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघा. घंटामूर्ती टणकन वाजते, ही बद्द.

खरा घोळ साच्याचा आहे. गणपतीच्या कारखान्यात रबरी साचे हाताशी असतात आणि तानाग्रासाठीही तेच वापरलेत. ग्रीक कारागीर भाजलेल्या मातीचे साचे वापरत. तो साचा मातीतलं पाणी शोषतो, माती आकसते आणि मूर्ती आपोआप साच्यापासून सुटते. रबर पाणी शोषत नाही. मूर्ती ओलीच राहते आणि साचा सोलून काढताना मऊ अंग वाकतं. आमच्याकडच्या मूर्तीची मान डावीकडे कलली आहे ती नजाकतीनं नव्हे, सोलताना. पांघरुणाच्या चुण्यांच्या कडा बोथट आहेत त्याही यानंच. शिवाय साचा बाजारातल्या रेझिनच्या प्रतीवरून घेतलेला. म्हणजे ही प्रतीची प्रत. या मिश्रणाचं आकसणं साधारण दहा टक्के आहे: २० सेंमीच्या प्रतीवरून १८ सेंमीची मूर्ती मिळते, तिच्यावरून साचा घेतला तर १६.२, त्यापुढे १४.६. दर पिढीला उंची जाते आणि डोळ्यांच्या पापण्याही जातात. ग्रीसमध्येही हेच चाले आणि त्यावरूनच आज अभ्यासक एका मूर्तीच्या पिढ्या लावतात. तेव्हाचा चांगला कारागीर मात्र साच्यातून काढल्यावर केस, पापण्या, चुण्या पुन्हा काडीनं कोरून ताज्या करी. पंखा, टोपी, कधी डोकंही वेगळं करून जोडी. इथे ती पायरीच नाही.

पुढच्या-मागच्या अशा दुहेरी साच्याचं काम आपल्याकडे नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या केओलिनच्या (पांढऱ्या चिनीमातीच्या), दुहेरी साच्यातल्या मूर्ती सापडल्या आहेत. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या जवळून बघता येतात. त्याच काळात भूमध्य सागराकडून इथे काय काय येत होतं ते बघायचं तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. सांगलीहून तासाभराची वाट. कारखान्यातल्या मंडळींनी तेरची फेरी एकदा करावी. सांधा कानामागून कसा नेलाय, ते फोटोत कळत नाही.

रंगाचं थोडक्यात. रंगवलेला संच ९०० रुपये जास्त घेऊन देतात. घेऊ नका. ग्रीक पद्धतीत पांढऱ्या मातीचा हात भाजण्याआधी देत आणि रंग भाजल्यावर. इथे भाजलेल्या मूर्तीवर खडूची पूड आणि फेविकॉल लावून पांढरं केलंय. त्याचा पातळ पापुद्रा होतो, आणि लाल माती पावसाळ्यात ओल धरून सोडते तेव्हा तो पापुद्रा सालीसारखा सुटतो. घरी करायचं तर भाजण्याआधीच पांढऱ्या मातीचा हात मारून द्यायला सांगा. ते करतात, प्रत्येकी ५० रुपये घेतात. मग वर गेरू, पिवळी माती, काजळी हे रंग डिंकाच्या पातळ पाण्यात कालवून द्या. गुलाबी हवा असेल तर मंजिष्ठाचा रंग पांढऱ्या मातीत मुरवून घ्या, ग्रीक गुलाबी त्याच कुळातल्या मुळाचा असे. निळा अडचणीचा आहे. तिथे ‘इजिप्शियन निळा’, म्हणजे तांबं, चुना आणि वाळू एकत्र भाजून केलेला रंग वापरत. लूव्रमधली ‘निळी स्त्री’ म्हणून गाजलेली तानाग्रा डोळ्यासमोर आणा. कारखान्यानं अल्ट्रामरीन लावलाय, कपड्यांच्या निळीतला निळा. तो जांभळ्याकडे झुकतो आणि लाल मातीशेजारी भडक दिसतो. अल्ट्रामरीनच वापरायचा तर त्यात चिमूटभर हिरवा आणि भरपूर पांढरं घाला. वरून लॅकर मारून देऊ का, असं विचारतील. नको म्हणा. चहाचं पाणी चोळून ‘जुनं’ करून देऊ, असंही म्हणतील. तेही नको.

कारखान्याची एक गोष्ट मनापासून आवडली. प्रत्येक मूर्तीवर, ओल्या मातीत, साल आणि ‘प्रत’ असा ठसा उठवलाय. तो सहज घासून काढता येत नाही. दहा वर्षांनी कुणी ही मूर्ती ‘ग्रीसहून आणलेली’ म्हणून विकायला काढली तर हा ठसा बोलेल. ग्रीसमध्ये पुरावस्तूंचा २००२चा कायदा कडक आहे, तेव्हा खऱ्या वस्तूच्या वाटेला जायचंच नाही.

मागणी दिवाळीनंतर होळीपर्यंत नोंदवा. तयार व्हायला पाच आठवडे लागतात. आषाढापासून गणपतीपर्यंत कारखान्याला वेळ नसतो, आणि दमट हवेत माती बाहेरून सुकते, आत ओली राहते. तेव्हा घाईनं भट्टीत घातलेली मूर्ती हमखास तडकते. पार्सल भाताच्या तुसात येतं, ते उत्तम. घंटामूर्तीचे पाय वेगळे गुंडाळून पाठवायला सांगा, झग्यात टांगलेले आले तर प्रवासात काठाचे टवके उडवतात.

शेवटी एक सूचना, कारखान्यालाही आणि घेणाऱ्यांनाही. इथली मंडळी वर्षानुवर्षं गौरीचे मुखवटे करतात. मुखवट्याला पाठ नसते, त्यामुळे यांचा हात समोरच्या बाजूवर पक्का आणि मागे कच्चा. म्हणून पुढचा साचा आणि सपाट पाठ असलेली सिंहासनस्थ देवी साधली आणि चहूबाजूंनी फिरणारी तानाग्रा फसली. ग्रीकांचा एक प्रकार मात्र यांच्या हाताला असा बसेल की बघत राहावं: प्रोटोमी. देवीचा चेहरा, गळा, फार तर छातीपर्यंतचा भाग, एकाच साच्यातला, मागून पोकळ, आणि वर भिंतीला टांगायला भोकं. इ.स.पू. ६व्या-५व्या शतकांत या देवळांत वाहत आणि थडग्यांतही ठेवत. संचात तो नाही, पण विचारल्यावर करून देऊ म्हणाले, २० सेंमीचा ७०० रुपयांना. तानाग्रा वगळून चार मूर्ती सुट्ट्या घेतल्या तर ३५०० होतात, त्यात हा मुखवटा घाला. साचा प्लॅस्टरचा करायला सांगा, रबराचा नको, आणि टांगायची भोकं भाजल्यावर हवीत त्यापेक्षा दहा टक्के मोठी पाडायला सांगा.